उलटा धोतरा

१

आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. त्यामुळे घरातल्या कुठल्या पिंपात किती पाणी आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा रांजण, न्हाणीत एक पिंप आणि मागच्या परसात दोन निळी पिंपं. परसातली ती रोपांची. विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे आणि त्या परसात मी गेली वीस वर्षं छोटी रोपवाटिका चालवते. आधी नवऱ्याबरोबर, आता एकटीने.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी मंगळवेढ्याला म्हणायचे, धनलक्ष्मीला खुद्द देवाने प्रसाद दिला तरी ती आधी हुंगून बघेल. रोपांच्या धंद्यात याचा उपयोगच होतो. देणारा गुलाबी म्हणून काडी पाठवतो आणि वर्षाने पांढरं फूल निघतं, तोवर तो फोन उचलायचा बंद झालेला असतो.

यंदा मी उलट्या धोतऱ्याच्या मागे लागले होते. पुस्तकातलं नाव ब्रुगमॅन्शिया. आपला साधा धोतरा आभाळाकडे तोंड करून फुलतो, याची वीत-वीतभर फुलं माना खाली घालून लोंबतात, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलंय. दिवसा याला वास नसतो. दिवस मावळला की फूल जरासं उचलल्यासारखं होतं, फुलतं, आणि मग वास सुटतो. पानापासून मुळापर्यंत सगळं विषारी, हे मी विकताना प्रत्येकाला दोनदा सांगते. मूळचं थंड डोंगरातलं झाड. लोक मोबाइलवर बघून मागतात, मी देते, आणि एप्रिलमध्ये वाळक्या काड्यांच्या कुंड्या परत माझ्याच दारात येतात. म्हणून ठरवलं, एक उन्हाळा आपण पारखायचं आणि सोलापूरच्या उन्हात टिकेल तीच जात विकायची.

बेंगळुरूहून चार जातींच्या काड्या मागवल्या, प्रत्येकीच्या सहा. एक तांबडी, दोन पिवळी, तीन गुलाबी, आणि चार नंबरची रंग बदलणारी, म्हणजे पांढरी उमलून तिसऱ्या दिवशी केशरट होणारी. जानेवारीत काळ्या पिशव्यांत लावल्या. तेलाचे रिकामे कॅन कापून पट्ट्या केल्या, पट्टीवर नंबर घालून प्रत्येक पिशवीत खोचली. संध्याकाळी हात धुण्याआधी मोजल्या तर पिशव्या पंचवीस निघाल्या.

पंचविसाव्या पिशवीत पट्टी नव्हती. मी मोजण्यात चुकत नाही. तरी तेव्हा कंबर मोडली होती, म्हणून माझंच चुकलं असं धरून मी आत गेले.

२

तांबडी शिमग्यालाच गेली. तिला थंडी लागते, सोलापुरात ती कुठून आणायची. पिवळीने पाडव्यापर्यंत कळ काढली, मग पानांच्या कडा करपल्या आणि कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. गुलाबी हिरव्या जाळीखाली, फक्त सकाळचं ऊन मिळेल अशा जागी तग धरून राहिली. चार नंबरची खरी चिवट. भर दुपारी पानं अशी टाकायची की बघवत नसे, पण संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं की तासाभरात उभी. वहीत मी लिहिलं, चार नंबर पास, तीन नंबर सावलीत पास. मला हवं होतं ते मिळालं होतं.

बिनपट्टीचं झाड मी पारखीत धरलंच नव्हतं. मोठ्या कुंडीत घालून पश्चिमेच्या भिंतीशी कोपऱ्यात ठेवलं होतं, तिथे जाळी नाही आणि दुपारनंतरचं सगळं ऊन भिंतीवर तापतं. पाणी घालत नव्हते, कारण नंबर नसलेल्या झाडाला घालायला माझ्याकडे पाणी नव्हतं. एप्रिलच्या मध्यावर ते माझ्या खांद्याला लागलं. पांढरीशुभ्र फुलं आली, आणि ती तिसऱ्या दिवशीही पांढरीच राहिली. त्रेचाळीस अंशाला त्याचं एक पान मान टाकत नव्हतं.

मी कुंडीतल्या मातीत बोट घातलं. माती ओली होती. त्याच दिवशी पिंपात डोकावले तर पाणी चार बोटं कमी होतं. दुसऱ्या दिवशी आणखी चार बोटं.

आणि मग तो वास. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी एक ते चार गल्लीत चिटपाखरू नसतं, कुत्रीसुद्धा टेम्पोखाली जाऊन पडतात. मी सोप्यात कूलरसमोर आडवी झाले होते. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. मागच्या दाराकडून गोड, जड वास आला, दिवस मावळल्यावर येतो तोच. मी उठून बसले. आधी वाटलं, कुणी अत्तर लावून गेलं असेल. मग वाटलं, एवढ्या उन्हात जाणार कोण. परसात गेले तर फुलं खाली माना घालून होती आणि वास त्यांचाच होता.

झाड चुकीच्या वेळी वास देतं याचं मला त्या दिवशी फारसं काही वाटलं नाही. मला राग आला तो पाण्याचा. कुणीतरी माझ्या पिंपातलं पाणी घेऊन माझ्याच परसात नको त्या झाडाला घालत होतं.

३

माझा पहिला संशय वरच्या संगप्पाकाकांवर. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, एकटे, आमच्या माडीवरच्या खोलीत सहा वर्षं भाड्याने आहेत. माणूस सज्जन, पण दिवसातून दोनदा अंघोळ करतो. सोलापुरात दोनदा अंघोळ करणाऱ्या माणसाकडे मी सज्जन म्हणून बघू शकत नाही. पिंपाच्या आत खडूने रेघ मारली, दुसऱ्या दिवशी रेघ उघडी पडली, आणि मी जिन्यात उभी राहून त्यांना विचारलंच.

काका माघारी वळले. मला वर नेलं, आपल्या दोन टाक्यांची झाकणं काढून दाखवली. दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. मग म्हणाले, "ताई, पस्तीस वर्षं रेल्वेत काढली, एक खिळा घरी आणला न्हाय. तुमचं पाणी कशाला नेऊ मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची माझी ही पहिलीच वेळ नाही, तरी लाज वाटायची ती वाटतेच. मी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा त्यांनी मागून सांगितलं की पाणी माझ्या सासूबाईच नेतात, रोज दुपारी तांब्या घेऊन मागे जातात, त्यांनी गॅलरीतून कितीदा पाहिलंय.

"झाडाला घालतात?" मी विचारलं.

"झाडाला न्हाय. तुमच्या गड्याला."

"कुठल्या गड्याला?"

"तो की, नवा ठेवलाय तुमी. कोपऱ्यात खुर्चीवर बसतोय. डोक्यावर पांढरं फडकं घेऊन, मान खाली घालून. झोपतोय वाटतं. काम करताना काय दिसला न्हाय बाबा मला."

आमच्याकडे गडी नाही. महेश्वर गेल्यापासून मी कुणाला ठेवलेलं नाही.

४

महेश्वर माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला त्याने टेम्पोतून आंब्याची रोपं उतरवली, कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, पाणी आण गं. स्वयंपाकघरातला नळ कोरडा होता, रांजणही तळाला गेला होता, म्हणून मी न्हाणीतल्या पिंपापर्यंत गेले. तांब्या घेऊन आले तेव्हा त्याची मान खाली गेली होती. मला वाटलं, डोळा लागला. ती खुर्ची मी अजून हलवलेली नाही, आणि ती चार पावलं कमी चालता आली असती तर, हा विचारही हललेला नाही.

घरात आता मी आणि अत्ती. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. काशम्मा त्यांचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. अक्कलकोटच्या खालच्या गावातल्या, त्यामुळे त्यांची भाषा कन्नड. लेकाशी, लेकीशी, देवाशी सगळं कन्नडमध्ये. माझ्याशी मात्र लग्नाच्या दिवसापासून मराठीतच. मंगळवेढ्याच्या पोरीला परकं वाटू नये म्हणून. चोवीस वर्षांत एक कन्नड शब्द त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मीही आळसाने शिकले नाही. पाण्याला नीर म्हणतात, दे म्हणायला कोडु, एवढंच कानावर पडून समजतं.

दुसऱ्या दिवशी मी झोपल्याचं सोंग घेतलं. दोन वाजता वास आला. अत्ती उठल्या, रांजणाकडे न जाता भरलेला तांब्या पदराखालून काढला आणि मागच्या दाराने गेल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिथून खुर्ची अर्धीच दिसते, अर्धी त्या झाडाआड जाते. अत्ती खुर्चीपुढे उभ्या होत्या. कन्नडमध्ये हळू काहीतरी बोलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. थांबत होत्या तेवढ्या वेळात उत्तर बसेल, असं ते थांबणं होतं.

मी दार ढकलून बाहेर गेले. खुर्ची रिकामी. पांढरी फुलं खुर्चीच्या पाठीमागे लोंबत होती, आणि लांबून, उन्हात, म्हाताऱ्या डोळ्यांना ते डोक्यावर फडकं घेतलेलं माणूस वाटू शकेल, असं मी स्वतःला सांगितलं. संगप्पाकाकांचा चष्माही जुना आहे. फक्त तांब्या रिकामा होता आणि अत्ती म्हणाल्या की झाडाला पाणी घालत होते. कुंडी खुर्चीपासून तीन हात लांब होती. त्या माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, त्या दिवसापर्यंत.

त्याच आठवड्यात पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. शिवानी माझ्यापेक्षा लहान, पण आईच्या बाबतीत फार कडक. अत्तींनी तिला आधी ओळखलंच नाही, मग कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, त्यातलं नीर तेवढं मला कळलं. शिवानीने मला फोन घेऊन बाहेर जायला सांगितलं. म्हणाली की आईचं डोकं ठिकाणावर नाही, तू दिवसभर रोपांत असतेस, पुण्यात चांगलं केअर सेंटर बघितलंय, रविवारी येते आणि घेऊन जाते.

मी वरवर हो ला हो म्हटलं. पण खरं सांगते, त्या रात्री मी ताट तसंच झाकून ठेवलं. अत्ती गेल्या तर या घरात मला लक्ष्मी अशी हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. त्या या घरात राहाव्यात, एवढंच मला हवं होतं, बाकी काही नाही.

५

उत्तर सापडलं ते त्यांच्या पूजेत. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत कपडे ठेवायला गेले. अत्तींच्या गळ्यात चांदीची डबी असते, तिच्यात इष्टलिंग, म्हणजे लिंगायतांचा अंगावर बाळगायचा महादेव. ते माणूस असेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत, आणि गेल्यावर सोबतच पुरतात. महेश्वरबरोबर त्याचंही गेलं. रोज सकाळी तेवढं डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म-फूल वाहायचं, आणि ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. त्या दिवशी तळहातावर पांढरं फूल होतं. लांब, लोंबतं, बिनपट्टीच्या झाडाचं. महादेवाला धोतरा आवडतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि हा तर धोतऱ्याचाच भाऊ. त्या फुलावरून ओघळलेलं पाणी अत्तींनी तीन वेळा जिभेला लावलं.

मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच पलंगावर बसले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बॅटरीने त्यांचे डोळे बघितले. बाहुल्या मोठ्या होत्या. तोंड कोरडं पडणं, सारखी पाण्याची आठवण, नसलेली माणसं दिसणं, सगळं या झाडाच्या विषात बसतं म्हणाले. रोज थोडं थोडं पोटात गेलंय, बंद करा, दोन-तीन दिवसांत उतरेल. मग त्यांनी मला विचारलं की कलमं करताना तुम्ही हातमोजे घालता का. मी घालत नाही. त्यांनी आरसा पुढे केला. माझी उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती. हात डोळ्याला लागला असणार. म्हणजे मला दुपारी येणारा वासही त्यातलाच असू शकतो. जगात सगळ्याला कारण असतं, आणि कारण माझ्या परसात कुंडीत उभं होतं.

दुपारच्या आत मी ते बुंध्यापासून तोडलं. हातमोजे घालून. मुळं खणली, काडी न् काडी पोत्यात भरली, कारण या झाडाचं पेरभर लाकूड ओलीत पडलं तरी फुटतं. जाळलं नाही, धूरही वाईट. पोतं शिवून शुक्रवारी सकाळी घंटागाडीत स्वतः टाकलं आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिले. कुंडी पालथी घातली. खुर्ची उचलून खताच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. पिंपांच्या झाकणांवर दगड ठेवले.

शुक्रवारी दुपारी वास आला नाही. पाणी खडूच्या रेघेवर होतं. मी शिवानीला फोन करून सगळं सांगितलं. तिला फारसं पटलं नाही, पण म्हणाली, येऊन बघते, बरी असेल तर राहू दे.

६

शनिवारी अत्ती खरंच बऱ्या होत्या. मला नावाने हाक मारली, भाकरी कडक झाली म्हणून कुरकुर केली, गेल्या पंधरा दिवसांत न विचारलेल्या चार शेजाऱ्यांची चौकशी केली. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते. त्या मागच्या दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या आणि त्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"तोडलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, विष होतं अत्ती त्यात. तुमचं डोकं फिरवलं होतं त्याने. महेश्वर दिसत होता तुम्हाला.

अत्तींनी माझ्याकडे बघितलं. बाहुल्या आता नेहमीएवढ्या होत्या, डोळे अगदी शांत.

"म्हेशा? त्यो म्हेशा न्हवता, लक्ष्मी. मी आई हाय, मला कळत न्हाय व्हय? म्हेशा मान मागं टाकून घटाघटा पाणी प्यायचा, निम्मं सदऱ्यावर सांडायचा. ह्यो मान वर न करता पितोय. मान खाली घालून पाणी कसं पितंय माणूस, सांग मला."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग पाणी का देत होतात, एवढंच मी विचारलं.

"पाणी मिळालं की तितंच बसतोय. उंबऱ्याच्या आत येत न्हाय. पहिल्या दिवशी मी म्हटलं पाणी न्हाय, नळ आला न्हाय. तर उठला की. दोन पावलं दाराकडं आला. आत तू झोपली होतीस."

"आणि ते फूल?"

"ते महादेवाला. जगाचं विष पचवलंय त्यानं, म्हटलं एवढं बी पचवील." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुला सांगितलं असतं तर तू मला पुण्याला धाडलं असतंस. मग पाणी कुणी दिलं असतं त्याला?"

आता काय, असं मी विचारलं तेव्हा त्या आमच्या ग्रामदैवताच्या देवळाच्या दिशेला हात जोडून म्हणाल्या, सिद्धरामाला काळजी. आणि आत जाऊन पडल्या.

डॉक्टर म्हणाले होते की उतरायला दोन-तीन दिवस लागतात. शनिवार हा दुसरा दिवस. मी बोटांवर मोजलं. भ्रम डोळ्यांतून आधी जातो आणि आठवणीतून नंतर, असं असणारच. तरी मागच्या दाराला मी आतून कडी घातली, आणि कडीत वर लाटणं अडकवलं. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही.

७

रविवारी पहाटे नळ आला. रांजण, पिंपं, घागरी, सगळं भरून घेतलं. शिवानी सकाळच्या गाडीने निघणार होती, म्हणून शेंगाचटणी केली, तिला आवडते. अत्ती जेवल्या, ताट स्वतः उचललं. मला म्हणाल्या की पहाटेपासून उभी आहेस, जरा पाठ टेक. बोलताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं त्या सहसा करत नाहीत.

वासाने जाग आली.

दोन वाजून दहा. मी पडल्या पडल्याच हिशेब केला. झाड तोडलं, पोतं गेलं, हात साबणाने तीनदा धुतलेत. वास गेला नाही. आणि तो परसातून येत नव्हता. तो स्वयंपाकघरातून येत होता.

मागचं दार सताड उघडं होतं. लाटणं ओट्यावर नीट ठेवलेलं, कडी काढलेली. कडी आतून काढली होती, ओढाताण काही नव्हती. उंबऱ्यावर मधोमध चांदीची डबी होती. तिचा दोरा तुटलेला नव्हता, गळ्यातून काढून गुंडाळून डबीखाली ठेवला होता, जाणाऱ्याने परत येऊन घालायचा असावा तसा. मी डबीला हात लावला नाही.

रांजणाचं झाकण खाली होतं. पहाटे काठोकाठ भरलेला रांजण वीतभर उतरला होता.

रांजणाशेजारी महेश्वरची प्लास्टिकची खुर्ची. खताच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती, मी चाचपून बघितली. खुर्चीवर अत्ती बसल्या होत्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून पार पुढे ओढलेला, मान खाली. खुर्चीभोवतीची फरशी ओली.

"अत्ती," मी म्हणाले.

मान हलली नाही. हात त्यांचेच होते, मनगटावरचं हिरवं गोंदण त्यांचं, अंगठ्याचं वाकडं पेर त्यांचं. मी अगदी नीट बघितलं, मला बघायची सवय आहे. मग पदराआडून आवाज आला. आवाजही जवळजवळ त्यांचाच.

"नीर कोडु."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. वरती संगप्पाकाका होते, त्यांना हाक मारायला हवी होती. त्याऐवजी मी खुंटीवरच्या आरशात डोळे बघितले. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. एक मोठी असती तर किती बरं झालं असतं. मी तांब्या भरला आणि पुढे केला. दोन हातांनी तो घेतला. तांब्या पदराखाली गेला, मान होती तिथेच राहिली, आणि पाणी जाताना ऐकू आलं. घोट घोट नाही, एकसारखं, कुंडीत मुरतं तसं. रिकामा तांब्या माझ्या हातात परत आला. मी पुन्हा भरला. मग पुन्हा. महेश्वरच्या वेळी मला चार पावलांचा उशीर झाला होता, आता होऊ द्यायचा नव्हता, एवढंच डोक्यात होतं.

साडेतीनला शिवानीचा फोन आला. गाडी कुर्डुवाडीच्या अलीकडे केम स्टेशनला तासभर उभी होती, का ते कुणी सांगत नव्हतं, पोचेपर्यंत दिवस मावळेल म्हणाली. मग विचारलं, "वहिनी, आई कशी आहे?"

ही आई नाही, असं मी म्हटलं असतं, तर मग आई कुठे आहे, हे तिने विचारलं असतं. उंबऱ्यावरची डबी मला बसल्या जागेवरून दिसत होती. तिच्या पलीकडे परसात ऊन, पालथी कुंडी, आणि कुठेही कुणीही नाही.

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. "माझ्यासमोरच बसल्यात."

"मग दे ना फोन."

मी पदराकडे बघितलं. कापड काठाशी जरासं उचलल्यासारखं वाटलं, कदाचित पंख्याचं वारं असेल.

"आत्ता नको," मी म्हणाले. "तू ये. संध्याकाळी बोलतील."

आणि फोन ठेवून तांब्या भरायला उठले.